साल मागितली, मीठ आलं

मालागा, स्पेन
कार्तिकी एकादशीनंतरचा रविवार

ती. अण्णा आणि ती. आई यांस,


पाकीट बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहोत. हल्ली टपालानं फक्त नोटिसा येतात, त्यामुळे अण्णांनी चष्मा लावण्याआधीच आईनं देवापुढे दिवा लावला असेल. तो असू दे.

फोन असताना पत्र कशाला, हे तुम्ही म्हणणार. पण फोनवर आम्हाला अण्णांचं निम्मं कपाळ दिसतं, मागचा पंखा दिसतो आणि आईचा नुसता आवाज येतो. आई दर वेळी एकच विचारते, "काय जेवलास?" मी सांगायला तोंड उघडतो आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. गेल्या महिन्यात मी म्हणालो, "एस्पेतो खाल्ला." तुम्हाला ऐकू गेलं, "एसटीत खाल्ला." मग पुढची दहा मिनिटं स्पेनमध्ये एसटी वेळेवर येते का आणि म्हाताऱ्या माणसांना अर्धं तिकीट आहे का, यात गेली. म्हणून पाच महिन्यांत काय काय पोटात गेलं ते एकदाचं लिहून टाकतो. धाकट्याच्या पोरीकडून वाचून घ्या. मधे एका मजकुराभोवती पेनानं चौकट केली आहे. आत्या समोर बसलेली असेल तर चौकटीवरून सरळ उडी मारायला सांगा.

आधी मिठाचं सांगतो. आई, निघताना तू बॅगेत अर्धा किलो मीठ कोंबलंस. तेही दुकानातल्या पुडीतलं नाही, घरच्या बरणीतलं, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधून. "परक्याचं मीठ खाल्लं की त्याला जागावं लागतं, मग माणूस तिकडचाच होतो," हा तुझा हिशेब. मी तेव्हा हसलो होतो. इथल्या विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा हसू गेलं. गणवेशातल्या दोघांनी पुरचुंडी टेबलावर ठेवली, गाठ सोडली आणि ते पांढऱ्या पुडीकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मी येण्याआधी मोबाइलवर स्पॅनिशचे चाळीस शब्द पाठ केले होते, त्यातला एक वेळेवर आठवला. मी ओरडलो, "साल! साल!" स्पॅनिशमध्ये मिठाला 'साल' म्हणतात. मागे उभी असलेली तुमची सून वैतागून म्हणाली, "अहो, कसली साल? मीठ म्हणून सांगा ना!" तपासणी झाली, आम्ही सुटलो. पण त्या दिवसापासून आमच्या घरात 'साल' हा शब्द जपून वापरला जातो.

गंमत पुढेच आहे. ज्या गावाला आम्ही आलो त्याचं मूळ नाव 'मलाका'. जवळजवळ अठ्ठावीसशे वर्षांपूर्वी फिनिशियन व्यापाऱ्यांनी हे बंदर वसवलं, आणि त्यांच्या भाषेतल्या मिठाच्या शब्दावरून हे नाव पडलं असं पुष्कळ जण सांगतात, कारण इथे मासे खारवायचं काम चालायचं. म्हणजे आई, तू मला पुरचुंडी देऊन थेट मिठाच्या गावी धाडलंस. पण काळजी करू नकोस. घरचा स्वयंपाक अजून तुझ्याच मिठात होतो. अर्धा किलो पाच महिने पुरतं, याला बरकत म्हणतात.

आता जेवणाच्या वेळा. आल्या आल्या पहिल्या संध्याकाळी सात वाजता आम्ही भुकेले होऊन बाहेर पडलो. हॉटेलांत खुर्च्या मांडलेल्या, लोक बसलेले, पण जेवण कुठेच नाही. "किचन साडेआठला." दुसरीकडे नऊ. आई, तुझी तर सातला भांडी घासून पालथी होतात. इथले लोक दुपारी तीनला जेवायला बसतात, रात्री दहाला पुन्हा बसतात, आणि अकरा वाजता रस्त्यावर बाबागाडीतली पोरं टक्क डोळ्यांनी दिवे बघत असतात. सूनबाई रोज विचारते, "ही झोपतात कधी?" याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. मात्र हिवाळ्याची एक सोय झाली आहे. घड्याळं मागे गेल्यापासून आपल्यात साडेचार तासांचं अंतर पडलं. सुटीच्या दिवशी आम्ही दुपारी साडेतीनला ताटावर बसतो तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे आठ, आई ओटा पुसत असते आणि अण्णा दूध पीत बातम्या बघत असतात. रविवारचा फोन आता मी त्याच वेळेला लावतो.

जेवून झाल्यावरचीही एक रीत आहे, तिला 'सोब्रेमेसा' म्हणतात. ताटं उचलली तरी माणसं उठत नाहीत. तासभर, दीड तास नुसत्या गप्पा. आणि तुम्ही मागितल्याशिवाय बिल येत नाही, आपण होऊन आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला उठवल्यासारखं. हे आम्हाला कोण सांगणार? पहिल्या दिवशी जेवून हात पुसून बिलाची वाट बघत बसलो. पाऊण तास झाला. आमचा धाकटा पोरगा टेबलावर डोकं ठेवून झोपला. वेटर जाता-येता कौतुकानं बघायचा, की बघा, परदेशी असून किती निवांत बसलेत. आपल्याकडे रविवारी रात्री शहरात जेवायला गेलं की पुढचं कुटुंब आपल्या खुर्चीची पाठ धरून आपला भात मोजत उभं असतं. त्या सवयीच्या माणसाला या निवांतपणानं पोटात गोळा येतो.

भाषेनं तर रोज फजिती. 'पान' म्हणजे पाव. हे कळायच्या आधी मी एकदा भरपेट जेवून, सवयीनं, थट्टेत म्हणालो, "आता एक पान हवं होतं." वेटरनं बिचाऱ्यानं पावाची अख्खी टोपली आणून ठेवली, आणि बिलात लावली. 'बटाटा' म्हणजे रताळं! आपण ज्याला बटाटा म्हणतो ते यांचं 'पताता'. एकादशीच्या आदल्या दिवशी मी बाजारात ऐटीत दोन किलो 'बताता' मागितला आणि घरी दोन किलो रताळी आली. इथली रताळी तशी नावाजलेली, आणि उपासाला दोन्ही चालतं, म्हणून चूक पचली. 'साल' तर सांगितलंच. ऑगस्टात एका ठिकाणी इथल्या वजनदार, सुरकुतलेल्या, बैलाच्या नावाच्या टोमॅटोच्या फोडी मागवल्या. सूनबाई फोड उचलून मला म्हणाली, "साल काढलेली नाही." वेटर मागून जात होता. त्यानं मिठाची बाटली ठेवली. ती म्हणाली, "अहो, साल जाड आहे हो." दुसरी बाटली आली. जेवण संपेपर्यंत टेबलावर मिठाच्या तीन बाटल्या होत्या आणि वेटर माझ्याकडे डॉक्टरला दाखवा अशा नजरेनं बघत होता.

पण खरी परीक्षा तिच्या शाकाहाराची. अण्णा, तुम्हाला माहीत आहे, पैठणचं माहेर, घरात माळ, लसूणही चातुर्मासात बंद. ती पहिल्या दिवशी मोठ्या तयारीनं 'सिन कार्ने' पाठ करून गेली. सिन म्हणजे शिवाय, कार्ने म्हणजे मांस. वेटर म्हणाला, हो हो, बिनमांसाचं. आलं ते टोमॅटो-पावाचं घट्ट गार सार, त्याला 'साल्मोरेहो' म्हणतात, एरवी फार छान. आणताना वेटरनं विचारलं, "कोन हामोन?" 'कोन' म्हणजे सहित आणि 'हामोन' म्हणजे डुकराची खारवलेली मांडी. तुमच्या सुनेला वाटलं, हामोन नावाच्या कुण्या माणसाचं ताट चुकून आपल्याकडे आलंय आणि हा मराठीत विचारतोय. ती अगदी शांतपणे म्हणाली, "इथे कुणी हामोन नाही," आणि आपण हलवतो तशी मान दोन्ही खांद्यांकडे डोलवली. इकडच्या लोकांना ती मान म्हणजे "हो, भरपूर." मग काय, वर लाल तुकड्यांचा ढीग. वेटरशी बोलल्यावर कळलं की मांस म्हणजे यांच्या मते तव्यावरचा मोठा तुकडा, हामोन हे मांसात मोजतच नाहीत, ती आपली कोथिंबिरीसारखी वरून भुरभुरायची वस्तू. तसंच ट्यूना मासा. 'भाजीची कोशिंबीर' मागवली तरी वर ट्यूना असतोच, शेवटी तो समुद्रातलाच भाजीपाला. आता आमच्या थोरल्या पोरीला शाळेत चांगली भाषा आली आहे. ती वेटरसमोर बोटांवर मोजून यादी म्हणते, पाढे म्हटल्यासारखी: मांस नको, हामोन नको, ट्यूना नको, कोंबडी नको, सूपात हाड नको. वेटर हात जोडतात.

उपाशी मात्र कुणी राहिलेलं नाही. आई, हे नीट ऐक. इथे वांग्याच्या पातळ चकत्या किंवा बोटं पिठात घोळवून तळतात आणि वरून काळसर पाक ओततात. पहिला घास घेतला आणि सूनबाई थांबली. तिनं बोटाला लावून पुन्हा चाखलं. "अहो, ही काकवी आहे!" आणि खरंच काकवी. नाव 'मिएल दे कान्या', उसाचा मध. अरबांनी हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर ऊस आणला. पुढे पार आत्तापर्यंत मोत्रिलच्या बाजूला फड होते, गुऱ्हाळं, कारखाने होते. शेवटचा गाळप हंगाम २००६ सालचा. आता फ्रिहिलियाना नावाच्या डोंगरावरच्या पांढऱ्याशुभ्र गावात एक जुना कारखाना ही काकवी करतो, युरोपात असा हा एकच उरला म्हणतात. वांग्याच्या भजीवर काकवी हे आपल्याला सुचलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. एवढी वांगी, एवढा ऊस, आणि आपण भरीत करून बसलो. येत्या गुढीपाडव्याला करून बघ.

सकाळची न्याहारी म्हणजे लहान पाव अर्धा कापून, भाजून, त्यावर कच्चं ऑलिव्हचं तेल आणि किसलेला टोमॅटो. त्या पावाला मालागात 'पितुफो' म्हणतात. आपला धाकटा सकाळ-संध्याकाळ तेच खातो. मला आधी त्या कच्च्या तेलाचं अप्रूप वाटलं, मग आठवलं, आई, तू ज्वारीच्या भाकरीवर करडईचं कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा देतेस, ते दुसरं काय आहे? शिळ्या पावाचा चुरा लसूण घालून परततात, त्याला 'मिगास'. आपली फोडणीची पोळी. फक्त आपण ती पाहुण्यांपासून लपवतो आणि हे हॉटेलात पाटीवर लिहितात. एका पदार्थाबद्दल मात्र तू बसून घे. 'आहोब्लांको' नावाचं गार सार करतात. मूठमूठ बदाम, लसूण, शिळा पाव, तेल, शिरका, सगळं वाटून, वर हिरवी द्राक्षं. बदाम! तू रात्री मोजून चार बदाम भिजत घालायचीस आणि पाचवा मागितला तर "परीक्षा आहे का?" विचारायचीस. इथे एका वाटीत दहावी-बारावी दोन्ही होऊन जाईल.

अण्णा, तुमच्यासाठी चहाचं लिहायला हवं, पण चहाचं इथे दुःखच आहे. गरम पाण्यात पिशवी बुडवून देतात आणि दूध मागितलं तर दया करतात. कॉफीचं मात्र शास्त्र आहे. किती कॉफी आणि किती दूध, त्याप्रमाणे नऊ-दहा नावं आहेत. निम्मं-निम्मं असेल तर 'मिताद'. कॉफी थोडी असेल तर 'सोंब्रा', म्हणजे सावली. नुसता थेंब असेल तर 'नुबे', म्हणजे ढग. इथल्या मोठ्या चौकात एक 'कॅफे सेंत्राल' होतं, तिथे रोजची ही वादावादी टाळायला पेल्यांची चित्रं काढून भिंतीवरच लावली होती, आणि शेवटच्या रिकाम्या पेल्याखाली लिहिलेलं, मला नकोच. ते कॅफे २०२२ साली बंद झालं, नावं गावभर राहिली. मी एकदा वेटरला आपलं 'दोनात तीन' समजावायचा प्रयत्न केला. त्यानं तीन ढग आणले.

एल पालो भागात समुद्राला लागून एक हॉटेल आहे, तिथे तुम्हाला न्यायला हवं. तिथे यादी नाही, ऑर्डर नाही. वेटर हातावर पाच-पाच ताटल्या घेऊन ओरडत फिरतात, कोळंबी, माकूळ, तळलेल्या मासोळ्या, जे असेल ते. हवं असेल त्यानं हात वर करायचा, ताटली टेबलावर आदळते. शेवटी एक जण येऊन रिकाम्या ताटल्या आकाराप्रमाणे मोजतो आणि बिल सांगतो. हुबेहूब जाधववाडीचा मोंढा! फक्त अडत्या नाही आणि रुमालाखाली बोटं नाहीत. तुम्ही मला लहानपणी शिकवलं होतं, लिलावात उभं राहिलं की हात खिशात ठेवावेत, नाकावरची माशीसुद्धा हाकलू नये. मी ते विसरलो. समुद्राकडे पळत निघालेल्या धाकट्याला हाक मारायला हात वर केला, आणि वळून बघतो तो टेबलावर तळलेल्या मासोळीच्या दोन ताटल्या. परत करायला पुन्हा हात केला, तिसरी आली. सूनबाई पाव खात समुद्र बघत राहिली. तिनं त्या दिवशी समुद्र फार नीट बघितला.

(चौकट सुरू. आत्या आहे का बघा.)

अण्णा, आता एस्पेतो. शहागंजात आपण दोघं कुणाला न सांगता नान-खलिया खाऊन यायचो आणि घरी येताना बडीशेप चघळायचो, तसं हे तुम्हाला सांगतो. समुद्राच्या वाळूत जुनी होडी ठेवलेली असते, तीत वाळू भरून ऑलिव्हच्या लाकडांचा जाळ करतात. पाच-सहा ताज्या सार्डिन बोरूच्या चिरलेल्या काडीवर ओवतात आणि काडी जाळाशेजारी वाळूत तिरकी रोवतात. मसाला नाही, तेल नाही, हळदसुद्धा नाही. जाडं मीठ, बस्स. भाजणारा माणूस वाऱ्याकडे बघून काड्या फिरवत राहतो. मला पौषातली आपली आगटी आठवली. गोवऱ्यांचा आर, कडेला उकिडवे बसून तुम्ही हुरड्याची कणसं फिरवताय, आणि कुणी मधे बोललं तर "करपंल!" तोच चेहरा, तसेच राखेनं भरलेले हात. खारट, धुरकट, गरम, आणि काटे काढायला दहा बोटं.

बोटांवरून आठवलं. १८८४ च्या नाताळात या भागात मोठा भूकंप झाला. पुढच्या महिन्यात राजा बारावा आल्फोन्सो पाहणीला आला आणि याच एल पालोच्या किनाऱ्यावर मिगेल नावाच्या सार्डिनवाल्याकडे जेवला. राजानं सुरी-काटा उचलला. मिगेलनं राजाला तोंडावर सांगितलं म्हणतात, की महाराज, हे असं नाही खायचं, बोटांनी खायचं. ही गोष्ट इथे पोरासोरांना पाठ आहे. मला हा मिगेल फार आवडला. आमच्या ऑफिसच्या पहिल्या पार्टीत मी काट्यानं भात टोचत बसलो होतो, तेव्हा असा कुणी भेटायला हवा होता.

सार्डिनचा एक नियम आहे, ज्या महिन्याच्या नावात 'र' नाही त्यात खावी, म्हणजे मे ते ऑगस्ट. त्यांच्या भाषेत या चार नावांत 'र' येत नाही. मी बसून आपले महिने तपासले. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ: 'र' नाही, खा. श्रावण: 'र' आला, बंद! बघा, शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. पुढचे महिने तुम्ही तपासू नका, माघ-फाल्गुनात गडबड होते.

(चौकट संपली. आत्याला पाणी द्या.)

बाजाराचं सांगायचं तर इथल्या मंडईला आतारासानास म्हणतात. नावाचा अर्थ गोदी. सातशे वर्षांपूर्वी मुसलमान राजांची जहाजं इथे बांधली जायची, समुद्र तिथपर्यंत होता. आता समुद्र मागे सरलाय आणि त्या गोदीच्या सात कमानींपैकी एक संगमरवरी कमान उरली आहे. तिच्याच आजूबाजूला १८७९ साली लोखंडाची मंडई बांधली. म्हणजे आपल्या किल्ल्याच्या महाकोट दरवाजात कुणी भाजी मांडावी, तसं रोज सकाळी त्या कमानीखालून पिशवी घेऊन आत जायचं. एका बाजूला मासे, त्या बाजूला सूनबाई पदर, म्हणजे ओढणी, नाकाला लावून जाते. दुसऱ्या बाजूला फळं. तिथेच मला ते दिसलं. त्याच्याकडे येतो.

त्याआधी किल्ला. इथेही डोंगरावर किल्ला आहे, खाली अल्काथाबा आणि वर हिब्राल्फारो. १४८७ साली कॅथलिक राजाराणीनं तीन महिन्यांवर वेढा घातला आणि आतली माणसं भुकेनं टेकीला आली. पोरांना घेऊन तिथे चढलो तर थोरली म्हणाली, "आपल्या किल्ल्यात पण असं झालं होतं ना?" मग मी तिला रामदेवरायाचं सांगितलं. १२९६ साली अल्लाउद्दीन अचानक येऊन धडकला, घाईघाईत पोती वर चढवली, दारं लावली, आणि पोती सोडून बघतात तर धान्य नाही, कोकणातल्या व्यापाऱ्यांनी मागे टाकलेलं मीठ. थोरली विचार करून म्हणाली, "पण वर नेण्याआधी उघडून का नाही बघितलं?" मी गप्प. सूनबाई म्हणाली, "तुझे बाबा मेनू तरी वाचतात का?" त्या किल्ल्याच्या पायथ्याशी रोमन लोकांचं नाट्यगृह आहे आणि त्याच्यासमोर काचेखाली त्यांच्याच काळातले मासे खारवायचे हौद दाखवतात. आई, पायथ्याशी मीठ, तेही किल्ल्याच्या. मला तर देवगिरीखालीच उभं असल्यासारखं वाटलं, फक्त चांदमिनार कुठे दिसेना आणि खाली कुणी सीताफळाची पाटी घेऊन बसलेलं नव्हतं.

आता तेच. अण्णा, इथे सीताफळ आहे.

मंडईत बघितलं तेव्हा मी थबकलोच. आकार तोच, रंग तोच, पण अंगावर डोळे नाहीत. गुळगुळीत साल, त्यावर कुणी ओल्या मातीवर अंगठे उमटवावेत तसे ठसे. नाव 'चिरिमोया'. आपल्या सीताफळाचा चुलतभाऊ, दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. (हो, आपलंसुद्धा. पोर्तुगीजांनी आणलं म्हणतात. आईला सांगू नका, ती विचारेल की सीतामाई अमेरिकेला कधी गेली.) तीन युरो किलो. मी एक घेतलं, बाकावर बसून फोडलं. गर जास्त, बिया कमी, आंबटगोड, थोडा अननस, थोडी केळीची झाक. चांगलं आहे. पण रवा नाही हो, आपल्यासारखा दाणेदार रवा नाही. लोण्यासारखं सरळ जातं. चमच्यानं खातात! मी मिगेलचं नाव घेतलं आणि बोटांनी खाल्लं.

मग राहवेना, म्हणून गेल्या शनिवारी बसनं अल्मुन्येकारला गेलो, पूर्वेला पंचाहत्तर एक किलोमीटर. डोंगर कापून पायऱ्या केल्यात, प्रत्येक पायरीवर चिरिमोया, समोर निळा समुद्र. जिथे पूर्वी ऊस होता तिथे आता ही, आंबा आणि अव्होकाडो. जवळच्या हेते गावाच्या नावाची जात सगळ्यांत जास्त लावतात. एक तुमच्याच वयाचा शेतकरी बांधावर बसला होता. थोरलीला दुभाषी करून मी सांगितलं की माझे वडीलही हेच पिकवतात, किल्ल्याच्या पायथ्याशी. तो एकदम उठला. मला झाडाखाली नेलं आणि खिशातून काय काढलं असेल? कुंचला. रंगवायचा बारीक कुंचला आणि एक डबी.

अण्णा, हे लोक सीताफळाचं लग्न हातानं लावतात! फूल आधी मादी असतं, दुसऱ्या दिवशी नर होतं, दोन्ही वेळा जुळत नाहीत, आणि मूळ देशात जे भुंगेरे हे काम करतात ते इथे नाहीत. म्हणून उन्हाळ्यात ही माणसं नर फुलांचा पराग डबीत गोळा करतात आणि झाडाझाडावर चढून एकेका मादी फुलात कुंचल्यानं लावतात. एकेका फुलात! त्यानं मला हवेत करून दाखवलं, दोन बोटांनी पाकळ्या बाजूला करायच्या, कुंचला फिरवायचा, पुढचं फूल. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे कोण करतं हे काम? मी म्हणालो, कुणीच नाही. डोंगरात आपोआप येतं. बारीक भुंगेरे करतात. थोरलीनं सांगितलं. त्याला खरं वाटेना. त्यानं तिला पुन्हा विचारलं. मग तो बराच वेळ गप्प उभा राहिला आणि कुंचल्याकडे बघत राहिला. मला वाटतं तो आयुष्यभराच्या मजुरीचा हिशेब करत होता.

मी त्याला मोबाइलवर तुमचा फोटो दाखवला, किल्ल्यासमोर रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसलेला. त्यानं फोटो मोठा करून फळ बघितलं आणि विचारलं, हे फुटलेलं का आहे? मी म्हणालो, फुटलेलं नाही, डोळे उघडलेत. आमचं फळ पिकलं की डोळे उघडतं. तो हसून म्हणाला, आमचं डोळे मिटूनच पिकतं, म्हणून दाबून बघावं लागतं. निघताना त्यानं दोन फळं हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. तुम्हाला नमस्कार सांगितलाय. बी मात्र पाठवता येत नाही, सरकारी नियम कडक आहेत, आणि पांढऱ्या पुरचुंडीनंतर माझ्यात हिंमत उरलेली नाही.

यंदा पाटीला काय भाव मिळाला ते कळवा. आईनं गुडघ्याला तेल लावत जावं. आत्याला नमस्कार. धाकट्याच्या पोरीला वाचल्याबद्दल माझ्यातर्फे दहा रुपये द्या, चौकटीबद्दल गप्प राहिली तर वीस.

तुमचा,
थोरला

ता. क. आई, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. तुमच्या मुलानं मिठाच्या बरकतीचं लिहिलंय ते वाचलं. तुम्ही दिलेलं मीठ जुलैतच संपलं. मी त्याच डब्यात कोपऱ्यावरच्या दुकानातलं भरते. त्यांना अजून कळलेलं नाही. परवाच वरणाचा भुरका मारून म्हणाले, "आईच्या मिठाची चवच वेगळी." तुम्ही काही बोलू नका. — सून